बुडबुड्यांच्या भरवशावर

ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला बॉयलर ड्रममधलं पाणी दिसत नाही. डीपी ट्रान्समीटर दोन जागांच्या दाबांतला फरक मोजतो आणि त्यावरून काढलेली पातळी पडद्यावर येते. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत हीच विद्या फार अवघड जागी लागते. तिथल्या संगणकाचं कूळ शोधत गेलं की आपण हवेच्या बुडबुड्यापाशी पोचतो.

ट्रॉम्बेचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प १९६४ साली होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. ‘सायरस’ अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं आणि ट्रायब्युटाइल फॉस्फेट मिसळलेल्या तेलाने त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायचं, ही तिथली रीत. असं द्रावण जाड काँक्रीटच्या भिंतींआडच ठेवावं लागतं. काम सुरू झालं की टाकीजवळ माणूस जाऊ शकत नाही, आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आत टिकत नाही.

म्हणून टाकीत नुसत्या पोलादी नळ्या सोडतात: एक तळाशी, दुसरी तिच्याहून ठरावीक उंचीवर, तिसरी द्रावणाच्या वर. त्यांतून संथ हवा सोडायची. बुडबुडा बाहेर पडायला लागणारा दाब म्हणजे नळीच्या तोंडावरचा द्रवाचा भार. बुडालेल्या दोन नळ्यांच्या फरकावरून घनता निघते, आणि ती कळली की तळाच्या व द्रावणावरच्या नळीच्या दाबफरकावरून पातळी. आत हलणारा एकही भाग नाही, मापकं सगळी भिंतीबाहेर. या युक्तीपुढे मी आजही थक्क होतो. घनतेवर तर जीव टांगलेला असतो. द्रावणात जड धातू वाढला की ती वाढते, आणि प्लुटोनियम मर्यादेबाहेर एकवटलं तर साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते.

त्या काळच्या रासायनिक कारखान्यांत असे दाब हवेच्या नळ्यांनीच पॅनेलपर्यंत यायचे, पेन कागदी तक्त्यावर रेघ ओढायचं आणि हिशेब माणूस करायचा. ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ संगणक तयार झाला. पुढे उद्योगांत पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) आणि स्काडा (दुरून देखरेख करणारी संगणकप्रणाली) रुळले आणि हा हिशेब संगणकाकडे गेला. तारापूरचा नवा पुनर्प्रक्रिया प्रकल्प २०११ साली राष्ट्राला अर्पण झाला, तो या जमान्यातला.

तरी नळीच्या टोकाशी क्षार साचले की संगणक खोटी पातळी दाखवतो. शिवाय त्याला टाकीचा आकार आधी शिकवावा लागतो. प्रकल्प सुरू होण्यापूर्वी, टाकी कोरी असतानाच, तिच्यात मोजून पाणी भरतात आणि टप्प्याटप्प्याने दाब टिपतात. किती दाबाला किती लिटर, याचा तो तक्ता. टाकीतल्या प्लुटोनियमचा हिशेब त्याच्या आधारे चालतो, कारण नंतर आत जाऊन पुन्हा मोजायची सोय नसते.