नेगिशीच्या टेकडीवरील शर्यतींचें मैदान

घोड्यांच्या शर्यती म्हटल्या कीं आपल्या डोळ्यांपुढें मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान उभें राहतें. तें १८८३ सालचें. आज ज्या मैदानाची हकीकत मी सांगणार आहें, तें त्याहून सतरा वर्षांनीं वडील. जपानांतील योकोहामा शहरीं नेगिशी नांवाच्या टेकडीवर तें बांधलें गेलें. त्याची कथा शर्यतीपासून नव्हे, एका खुनापासून सुरू होते.

१८५९ सालीं योकोहामा बंदर परकीयांच्या व्यापारास खुलें झालें. तेथें आलेल्या इंग्रज व इतर व्यापाऱ्यांस घोडेस्वारीचा मोठा शोक. फिरावयास मात्र सोयीचा रस्ता म्हणजे एदो व क्योतो ह्या नगरांस जोडणारा तोकाइदो राजमार्ग, आणि त्याच मार्गानें सरदारांच्या स्वाऱ्या जात. १८६२ च्या सप्टेंबरांत चार इंग्रज स्वार नामामुगी खेड्याजवळ सात्सुमा संस्थानच्या शिमाझु हिसामित्सूच्या लवाजम्यांत शिरले. सरदाराची स्वारी जात असतां वाटसरूनें खालीं उतरून बाजूस व्हावें, हा तेथला शिरस्ता. तो ह्यांनीं पाळला नाहीं. सामुराईंच्या तलवारी निघाल्या व रिचर्डसन नांवाचा व्यापारी ठार झाला. पुढील वर्षीं इंग्रज आरमारानें सात्सुमाच्या कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. हा प्रसंग शिकवितांना चूक कोणाची, असें मुलें हटकून विचारीत. परक्याच्या घरीं गेल्यावर उंबरठ्याचा मान कोणी राखावयाचा, असा उलट प्रश्न मी त्यांस करीत असें. पण एका उंबरठ्यापायीं आधीं माणूस कापावयाचा व मग शहर जाळावयाचें, हा न्यायहि मला कधीं पटला नाहीं.

शोगुनच्या सरकारास पेंच पडला. ह्या स्वारांस राजमार्गापासून दूर ठेवावयाचें, तर त्यांस दुसरी जागा दिली पाहिजे. वाटाघाटींतून नेगिशीची टेकडी निघाली. १८६६ सालीं मैदान तयार झालें व १८६७ च्या जानेवारींत पहिली शर्यत झाली. पाश्चात्त्य धर्तीचें, कायमचें बांधलेलें असें हें जपानांतील पहिलें मैदान. टेकडीचा माथा कांहीं पाटासारखा सपाट नव्हता. मध्यें खोलगट दरी, आणि तिच्या कडेकडेनें चढउतारांचा मार्ग. त्यावरून घोडे उजवीकडे वळत धांवत. प्रेक्षकांस मात्र घोड्यांबरोबर समुद्राचेंहि दर्शन घडे.

आणि काळाची गंमत पाहा. १८७५ सालीं ह्याच मैदानावर पहिल्यानें एका जपानी मालकाचा घोडा जिंकला. घोड्याचें नांव मिकान, म्हणजे संत्रें. मालक व स्वार सैगो त्सुगुमिची. हे गृहस्थ सात्सुमाचेच! ज्या संस्थानच्या तलवारीमुळें हें मैदान झालें, त्याच संस्थानच्या पुरुषानें तेथें परकीयांस मागें टाकलें.

१८८० सालीं निप्पॉन रेस क्लब स्थापन होऊन परकीय व जपानी एकत्र बसूं लागले. त्याच वर्षीं बादशहा मेजी यांनीं विजेत्यास एक फुलदाणी बक्षीस दिली. १८८१ ते १८९९ ह्या अवधींत ते स्वतः तेरा वेळां येथें आले. त्या काळीं परकीयांवर जपानी न्यायालयांचा अधिकार चालत नसे. ते तह बदलून घेण्याची जपानची खटपट चालू होती, व १८९९ सालींच ती परकी सत्ता संपली. बादशहांस केवळ घोड्यांचाच नाद होता, असें म्हणणें मला तरी जड जातें. १९०५ सालीं बादशहांच्या नांवाची शर्यत येथेंच सुरू झाली. आजच्या ‘तेन्नो शो’चें मूळ तिच्यांत आहे.

पैशाची बाजूहि होतीच. पैजेचीं तिकिटें येथें १८८८ पासून विकलीं जात. १९०८ सालीं सरकारनें तीं बंद केलीं, व १९२३ च्या कायद्यानें पुन्हां चालू केलीं. त्याच १९२३ सालच्या सप्टेंबरांत प्रचंड भूकंप झाला व योकोहामा शहर उध्वस्त झालें. त्यानंतर अमेरिकन शिल्पज्ञ मॉर्गन यांनीं तीन मनोऱ्यांची सात मजली प्रेक्षकशाला उभारली. ती १९२९ सालीं पुरी झाली.

त्या मनोऱ्यांवरून बंदर दिसे, हेंच पुढें नडलें. १९४२ सालीं शेवटची शर्यत झाली आणि जागा आरमाराच्या ताब्यांत गेली. पराभवानंतर अमेरिकन सैन्य आलें व घोड्यांच्या जागीं गोल्फचे चेंडू आले. १९७७ सालीं तेथें सार्वजनिक उद्यान झालें. मधल्या दरींत आतां हिरवळ आहे, कडेला आलुबुखाराच्या जातीचीं झाडें फुलतात, आणि मॉर्गनचे तीन मनोरे वर उभे आहेत.