किनाऱ्याच्या भरवशावर : ऑस्कर स्पेकची कयाक

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाविषयी पुष्कळ बोलतो. त्याच्या वाहनाविषयी मात्र क्वचितच. वाहन हा केवळ तपशील, असे आपण गृहीतच धरलेले असते. ऑस्कर स्पेक या जर्मन तरुणाच्या सागरप्रवासाचा इतिहास वाचताना या गृहीतकाचा फेरविचार करावा, असे आम्हांस वाटू लागले.

स्पेक हा हॅम्बुर्गकडचा वीजकामाचा कंत्राटदार. १९३२ साली जर्मनीत बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली होती. त्याचाही धंदा बुडाला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल या आशेने त्याने मे १९३२ मध्ये उल्म येथे डॅन्यूब नदीत आपली कयाक सोडली. सायप्रसला तो पोहोचला, पण थांबला नाही. त्याचा प्रवास संपला तो सप्टेंबर १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाशी.

त्याने निवडलेली नाव घडीची होती. मूळ कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील शिकाऱ्यांची : सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली, अरुंद आणि चपळ. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉइरिश या विद्यार्थ्याने तिचे घडी घालता येणारे रूप तयार केले आणि योहान क्लेपर या शिंप्याने ते बाजारात आणले. कातड्याच्या जागी रबर चढवलेले कापड आले. शिकारीची नाव सहलीची झाली. स्पेकची कयाक अशीच, सुमारे साडेपाच मीटर लांबीची, दोघांसाठी बांधलेली. तिच्यात तो एकटा बसे आणि दुसऱ्याच्या जागेत सामान भरे. सामानासह सुमारे २९० किलो भार ती पेलत असे. लहानसे शीड होते आणि पायांनी चालवायचे सुकाणू होते.

या निवडीत लाभ आणि हानी एकत्रच होते. रुंद नाव स्थिर असते, पण वल्हवायला जड. अरुंद नाव वेगवान, पण तिच्यात पाणी-शिधा मावत नाही. नाव घडीची असल्यामुळेच स्पेकला ती सीरियाच्या किनाऱ्यावरून खुष्कीच्या मार्गाने युफ्रेटिसपर्यंत नेता आली. मात्र हेच कापड खडकाने व प्रवाळाने फाटते. बाजूचा वारा लागला की कयाकचे तोंड वाऱ्याकडे वळू पाहते. तेथे सुकाणू कामी येते. म्हणून जड सामान तळाशी, मध्याजवळ भरावे लागते. शिडाने श्रम वाचतात, पण झोप मिळत नाही, कारण सुकाणूवरचा पाय काढता येत नाही. सर्वांत कठीण वेळ भर समुद्रातली नव्हे, तर किनाऱ्याला लागण्याची. फुटत्या लाटेने नाव आडवी केली की ती उलटलीच. लाटांचे अंतर मोजावे, मोठी लाट पुढे जाऊ द्यावी आणि तिच्या पाठीमागून आत शिरावे, एवढेच हाती असते.

आणि किनाऱ्याला तर लागावेच लागते. स्पेकच्या प्रवासाचा इतिहास ‘एकट्या वीराची गाथा’ म्हणून सांगितला जातो, तेव्हा नेमके हेच निसटते. १९२८ मध्ये फ्रान्झ रोमर या जर्मन खलाशाने घडीच्याच कयाकमधून अटलांटिक ओलांडला होता. परंतु स्पेकची रीत निराळी होती. त्याने किनारा धरला. इराणचे आखात, कराची, तेथून आपल्या कोकणासह भारताचा सारा पश्चिम किनारा, १९३५ मध्ये कोलंबो, पुढे मद्रास, कलकत्ता, ब्रह्मदेश, मलाया. वाटेत हिवताप झाला, नाव जुनी होऊन बदलावी लागली. पाणी, अन्न आणि निवारा मात्र किनाऱ्यावरच्या माणसांकडूनच यायचे. डच ईस्ट इंडीजमधील लाकोर बेटावर त्याच माणसांनी त्याला बांधून मारहाण केली. कानाचा पडदा फाटला. पुढेही तो पुन्हा किनाऱ्यांच्याच भरवशावर न्यू गिनीपर्यंत गेला.

प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात त्याच्या कयाकवर नाझी राजवटीचे स्वस्तिकांकित निशाण होते. ते निष्ठेचे की सोयीचे, हा वाद करता येईल. पण ते होते, ही गोष्ट साहसाच्या कौतुकात झाकू नये. सायबाई बेटावर तो उतरला तेव्हा महायुद्ध सुरू झालेले होते. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की पोलिसांनी आधी त्याचे अभिनंदन केले आणि मग त्याला अटक केली. युद्ध संपेपर्यंतचा काळ छावण्यांच्या बंदिवासात गेला. १९४६ मध्ये सुटल्यावर तो ऑस्ट्रेलियातच राहिला आणि ओपल रत्नांच्या व्यवसायात रमला. त्याची कागदपत्रे आज सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत.

लहान नाव माणसाला स्वतंत्र करते, असा एक रम्य समज आहे. स्पेकचा इतिहास वेगळे सांगतो. मोठे जहाज आपला शिधा, आपले पाणी आणि आपला कायदाही बरोबर घेऊन फिरते; कयाकला दर एक-दोन दिवसांनी कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. ते दार कोणाचे आणि कोणत्या काळातले, यावर तिचे भवितव्य ठरते. यापुढे वर्गात प्रवासवर्णन घेताना ‘हा कशातून गेला?’ हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारणार आहोत.