उसाचं अंतर कोण भरतं?

आजचा विषय ऊस, पण गोडीचा नाही, वाहतुकीचा.

एक टन ऊस गाळला की आपल्या कोल्हापूर भागात साधारण 120 किलो साखर आणि 280 किलोच्या आसपास बगॅस निघतो. बगॅसमध्येही निम्मं पाणीच. म्हणजे ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून जे ओढतो, त्यात सगळ्यात जास्त वजन पाण्याचं! वर तोडलेला ऊस थांबत नाही. एक-दोन दिवस फडात पडला की वजनही घटतं आणि उताराही.

जुन्या लोकांनी हे गणित उलटं मांडलं होतं. ऊस लांब न्यायचा नाही, गुऱ्हाळच उसापाशी घालायचं. चिपाड उन्हात वाळवून चुलवाणात जाळायचं, पाणी तिथेच आटवायचं आणि शहरात फक्त गूळ पाठवायचा. 1895 मध्ये शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरी पेठ याच गुळावर मोठी झाली.

मग 1930 च्या दशकात कसबा बावड्यात साखर कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर रत्नाप्पा कुंभारांचा पंचगंगा, तात्यासाहेब कोरेंचा वारणा. सहकारात सभासद आसपासच्या गावांतले, म्हणून ऊसही जवळचाच. पुढे गाळप क्षमता वाढली, बगॅसवर वीज आली, डिस्टिलरी आली. एवढी यंत्रं चालवायची तर ऊस लागतो, मग तो लांबून का असेना.

कायद्यात अंतर आहे की! केंद्राने 2006 मध्ये दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर ठरवले, महाराष्ट्राने पुढे 25 केले. पण हे अंतर कारखाना ते कारखाना. फड ते गव्हाण किती, हे त्यात मोजलंच जात नाही.

आणि पैसे? तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा होतो, तोही साधारणपणे कारखान्याच्या सरासरीने. म्हणजे पाच किलोमीटरवरच्या शेतकऱ्याच्या बिलातून ऐंशी किलोमीटरवरच्या उसाचं डिझेल जातं.

आम्ही कोड लिहिताना एकूण खर्च कमीत कमी करतो. पण तो कुणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. म्हणून घरी उसाचं बिल आलं की वजावटीची ओळ बघा. आणि वार्षिक सभेत विचारा, यंदा आपला ऊस सरासरी किती लांबून आला?

भेटू पुढच्या भागात.