परदेशातील घटस्फोट : कागदपत्रांचे प्रमाणीकरण

परदेशातील घटस्फोट : कागदपत्रांचे प्रमाणीकरण. ज्या देशात पती-पत्नी परकीय म्हणून राहतात तिथे घटस्फोट घेताना, आणि तो मायदेशी मान्य करून घेताना, लग्नाचे दाखले, हुकूमनामे, भाषांतरे व मुखत्यारपत्रे खरी असल्याची अधिकृत खात्री देण्याची रीत. लग्न लखनौ जिल्ह्यातील मलिहाबाद तहसिलीत नोंदले गेलेले असो की सांगलीच्या एखाद्या ग्रामपंचायतीत, लंडनच्या किंवा दुबईच्या न्यायाधीशाला तिथल्या सही-शिक्क्याची ओळख नसते. प्रमाणीकरणाने ती ओळख पटवली जाते. हा व्यवहार दोन दिशांनी चालतो. लग्नाचा दाखला भारतातून बाहेर जातो आणि घटस्फोटाचा हुकूमनामा बाहेरून भारतात येतो. दोन्ही वाटांचे नियम वेगळे आहेत.

हेग करार व अपोस्टिल. पूर्वी प्रत्येक कागद एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे व शेवटी त्या त्या देशाच्या वकिलातीत न्यावा लागे. हा हेलपाटा टाळण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे करार झाला. त्यानुसार सदस्य देशाने सार्वजनिक कागदावर ‘अपोस्टिल’ नावाचे एकच प्रमाणपत्र लावले की दुसऱ्या सदस्य देशात वकिलातीच्या शिक्क्याची गरज उरत नाही. प्रमाणपत्राचा नमुना करारातच दिलेला आहे: किमान ९ सेंटिमीटर बाजूचा चौरस, फ्रेंच भाषेतील शीर्षक आणि खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. कागद कोणत्या देशाचा, सही कोणाची, सही करणाऱ्याचा हुद्दा काय, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, प्रमाणपत्र कुठे, कधी, कोणी व कोणत्या क्रमांकाने दिले, हे त्यात नोंदलेले असते. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

अपोस्टिल फक्त सही, हुद्दा व शिक्का खरा असल्याचे सांगते. कागदातला मजकूर खरा आहे किंवा न्यायालयाचा निकाल योग्य आहे, असे ते सांगत नाही. शिवाय हा करार फक्त सार्वजनिक कागदांना लागू होतो. वकिलातीतील अधिकाऱ्यांनी स्वतः केलेले कागद त्यातून वगळलेले आहेत.

भारतातून जाणारा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंद महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवरील विवाह निबंधकाकडे होते. उत्तर प्रदेशात २०१७ च्या विवाह नोंदणी नियमावलीने सर्व धर्मीयांसाठी नोंदणीची सोय केली असून ती स्टॅम्प व नोंदणी विभागामार्फत चालते. मलिहाबादच्या दांपत्याला हाच दाखला उपयोगी पडतो. काझीने दिलेला नुसता निकाहनामा, किंवा महाराष्ट्रातील मंगल कार्यालयाची पावती व लग्नपत्रिका, हे सार्वजनिक कागद नव्हेत. त्यामुळे परदेशी जाण्यापूर्वीच लग्नाची सरकारी नोंद करून घेणे श्रेयस्कर.

वैयक्तिक दाखल्यावर आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचे साक्षांकन होते. महाराष्ट्रासाठी ते मुंबईत, तर उत्तर प्रदेशासाठी लखनौत. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल लावते. मंत्रालय २०१२ पासून कागद नागरिकांकडून थेट न घेता नेमलेल्या संस्थांमार्फत स्वीकारते. दिल्लीखेरीज मुंबई, पणजी व लखनौसह अनेक शहरांतील मंत्रालयाच्या कार्यालयांतही हे काम होते. म्हणजे मलिहाबादचा कागद दिल्लीला न जाता लखनौतच पुरा होऊ शकतो. ऑनलाइन साक्षांकनासाठी २०१७ मध्ये ‘ई-सनद’ ही सेवा सुरू झाली.

परदेशातील न्यायालय काय मागते, हे मात्र आधी विचारून घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये अर्जासोबत लग्नाचा मूळ दाखला किंवा त्याची प्रमाणित प्रत लागते आणि तो इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर. संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत हेग करारात नाहीत, म्हणून तिथे जुनी साखळीच चालते: राज्य, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाची भारतातील वकिलात आणि शेवटी तिथले परराष्ट्र खाते. दुबई-अबूधाबीत परवानाधारक अनुवादकाचे अरबी भाषांतरही लागते. सौदी अरेबियात २०२२ पासून व कॅनडात जानेवारी २०२४ पासून हा करार लागू झाल्याने तिथे अपोस्टिल चालते. भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवला होता, म्हणून त्या देशासाठीचा नियम त्याच्या वकिलातीकडून तपासून घ्यावा.

भारतात येणारा हुकूमनामा. परदेशी निकाल भारतात केव्हा बंधनकारक ठरतो हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ ने ठरते. निकाल सक्षम न्यायालयाचा नसेल, गुणदोषांवर दिलेला नसेल, नैसर्गिक न्याय डावलून किंवा फसवणुकीने मिळवलेला असेल, तर तो इथे चालत नाही. कलम १४ नुसार प्रमाणित प्रत हजर केली की न्यायालय सक्षम होते असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याची मुभा दुसऱ्या पक्षाला असते.

‘प्रमाणित प्रत’ कशाला म्हणायचे, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै १९९१ रोजी वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. व्यंकट लक्ष्मी या खटल्यात केला. लग्न तिरुपतीला झालेले होते आणि घटस्फोट अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या न्यायालयाने दिलेला होता. हुकूमनाम्याच्या प्रतीवर तिथल्या न्यायालयाच्या लिपिकाचे प्रमाणपत्र होते. न्यायालयाने म्हटले, प्रत फोटोस्टॅट आहे एवढ्यावरून ती अग्राह्य ठरत नाही. पण पुरावा कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे अमेरिकेतील भारत सरकारच्या प्रतिनिधीचे प्रमाणपत्र तिच्यावर नाही, म्हणून ती अग्राह्य आहे. एका शिक्क्याच्या अभावी काय घडते, याचा हा धडा आजही वकील देतात. पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला आहे.

त्याच निकालाने अधिक मोठे तत्त्व घालून दिले. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्याला मान्य असलेल्या न्यायालयाने, त्याच कायद्यातील कारणावरून दिलेला घटस्फोट भारतात मान्य होतो. अपवाद दोन प्रकारचे. लग्नाच्या कायद्यातील कारणावरूनच घटस्फोट दिलेला असेल आणि प्रतिवादी पक्ष त्या परदेशात कायम वास्तव्याला असेल, किंवा त्याने तिथे स्वखुशीने हजर राहून खटला लढवला असेल, हा पहिला. दोघांची संमती असेल, हा दुसरा. मायदेशी बसलेल्या पत्नीला नुसती नोटीस पाठवून मिळवलेला एकतर्फी हुकूमनामा अपोस्टिल लावल्याने शुद्ध होत नाही. म्हणून समन्स बजावल्याचा पुरावा, उभय पक्षांचे जबाब व निकालाची कारणे यांच्याही प्रमाणित प्रती काढून ठेवणे आवश्यक आहे.

आज अमेरिकेत न्यायालयाच्या लिपिकाकडून प्रमाणित प्रत घेऊन राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून अपोस्टिल घेतले जाते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोटाचे हुकूम दोन टप्प्यांत ‘कंडिशनल ऑर्डर’ व ‘फायनल ऑर्डर’ या नावांनी मिळतात. लग्न दुसऱ्या हुकुमाने संपते, म्हणून प्रमाणीकरण त्याचेच करायचे.

गोवा. गोव्यात विवाह नोंदणी सक्तीची असून घटस्फोटाची नोंद नागरी नोंदणी कार्यालयातील विवाहाच्या नोंदवहीत समासात केली जाते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांपुढे आणखी एक पायरी असते. भारतीय न्यायालयाने दिलेला घटस्फोट पोर्तुगालमध्ये नोंदवण्यासाठी तिथल्या अपील न्यायालयाकडून तो मान्य करून घ्यावा लागतो.

नेहमीच्या अडचणी. सर्वांत जास्त कागद अडतात ते नावामुळे. महाराष्ट्रात मुलीच्या नावामागे आधी वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे नाव लागते. जन्मदाखल्यावर माहेरचे, पासपोर्टवर सासरचे आणि परदेशी हुकूमनाम्यावर मधले नाव गाळलेले, अशी तीन रूपे एकाच स्त्रीची होतात. मलिहाबादसारख्या ठिकाणी उर्दू निकाहनामा, हिंदी नोंद व इंग्रजी पासपोर्ट यांतील वर्णलेखन जुळत नाही. अशा वेळी ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, गरज पडल्यास राजपत्रातील नावबदल, आधी करून ठेवावा.

दुसरी अडचण मुखत्यारपत्राची. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. तिसरी अडचण खासगी तलाकनाम्याची. तो न्यायालयीन कागद नसल्याने परदेशी कार्यालये स्वीकारतीलच असे नाही. तलाक झाल्याचे कुटुंब न्यायालयाकडून घोषित करून घेण्याची तरतूद १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात आहे.

या साऱ्या व्यवहारात भुर्दंड बहुधा ज्याच्यापाशी कागद नसतात त्याला बसतो, आणि बऱ्याचदा ती परदेशातून एकटी परतलेली स्त्री असते. म्हणून लग्नाच्या दाखल्याची अपोस्टिल केलेली एक प्रत आणि परदेशातील खटल्याच्या प्रत्येक कागदाची प्रमाणित प्रत पती व पत्नी दोघांनीही स्वतःपाशी वेगवेगळी ठेवावी.