व्हाइट सँड्स

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिण भागातील जिप्समच्या शुभ्र वाळूचे वाळवंट. क्षेत्रफळ सुमारे ७१२ चौ. किमी. जिप्समच्या वालुकागिरींचे हे जगातील सर्वांत मोठे क्षेत्र होय. त्याचा सुमारे ४० टक्के भाग राष्ट्रीय उद्यानात, तर उरलेला बहुतेक भाग लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रात मोडतो. १९३३ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झालेल्या या स्थळाला २० डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जवळचे शहर अलामोगोर्डो.

वाळवंट म्हणजे पाण्याचा अभाव, ही समजूत येथे अपुरी पडते. हे वाळवंट पाण्यानेच घडवले आणि पाण्यानेच टिकवले आहे. पश्चिमेच्या सॅन आंद्रेस आणि पूर्वेच्या सॅक्रामेंटो पर्वतांत पर्मियन काळातील उथळ समुद्रात साचलेल्या जिप्समचे थर आहेत. पावसाचे व बर्फाचे पाणी ते विरघळवून खाली तुलारोसा खोऱ्यात आणते. यावर रास्त आक्षेप असा, की जिप्सम पाण्यात विरघळत असेल तर ते वाहून जायला हवे. वाळू म्हणून साचावे कसे? इतरत्र बहुधा तसेच होते. तुलारोसा खोऱ्यातून मात्र समुद्राकडे जाणारी एकही नदी नाही. आलेले पाणी येथेच अडते, आटते आणि जिप्सम मागे ठेवते. हिमयुगात येथे ओटेरो हे विस्तीर्ण सरोवर होते. ते आटल्यावर अल्कली फ्लॅट हे सपाट मैदान आणि नैर्ऋत्येला पावसाळी पाण्याने अधूनमधून भरणारे लुसेरो सरोवर उरले. लुसेरोच्या काठी सेलेनाइटचे, म्हणजे स्फटिकरूप जिप्समचे, तपकिरी, अर्धपारदर्शक स्फटिक चिखलातून वर आलेले दिसतात. ते इतके मऊ असतात, की नखाने ओरखडा उठतो. ऊन, थंडी व वारा यांनी त्यांचा चुरा होतो; कण एकमेकांवर घासून त्यांवर बारीक चरे पडतात, प्रकाश विखुरतो आणि वाळू पांढरी दिसते.

टेकड्या उभारण्याचे श्रेय वाऱ्याला द्यावे, असेही म्हणता येईल. नैर्ऋत्येचे वारे, विशेषतः वसंतात, वाळू पुढे लोटतात आणि सर्वांत वेगवान टेकड्या वर्षाला ९ मी.पर्यंत सरकतात, हे खरेच. पण नुसता वारा असता, तर एवढी हलकी वाळू खोऱ्याबाहेर उधळली गेली असती. टेकड्यांमधल्या सखल जागी भूजल अवघे एखाद-दोन मीटर खोल आहे; त्याची ओल टेकड्यांचा पाया धरून ठेवते. वाऱ्याने आकार दिला, साठा मात्र पाण्याने केला आणि राखला, असेच पुराव्यावरून म्हणावे लागते.

पर्यटकांसाठी सुमारे १३ किमी लांबीचा रस्ता थेट टेकड्यांत जातो. त्याचा शेवटचा टप्पा दाबून बसवलेल्या जिप्समचाच आहे. टेकड्यांची उंची १८ मी.पर्यंत आहे. पांढरा रंग ऊन परतवत असल्याने उन्हाळ्यातही वाळू पायाला फारशी पोळत नाही. मात्र त्याच परावर्तनाने डोळे दिपतात, म्हणून काळा चष्मा हवा. क्षेपणास्त्र चाचण्यांच्या वेळी रस्ता काही तास बंद राहतो. भूजल खारे असल्याने पिण्यास निरुपयोगी आहे. टेकड्यांत पिण्याच्या पाण्याची सोय नाही. पुरेसे पाणी प्रवेशद्वाराजवळच्या माहिती केंद्रातूनच भरून घ्यावे लागते.