माती म्हणतो, पण माती नव्हे

पोळ्याला आपण मातीचे बैल पुजतो. त्याच हौसेने आता जळगाव-धुळ्यात घरी कानातले करायला पॉलिमर क्ले येते. पण ही माती नव्हेच, हे मऊ केलेलं पीव्हीसी! भवरलाल जैन यांनी 1980 मध्ये जळगावात ज्याचे पाइप काढायला सुरुवात केली, तेच.

मग पाइप कडक आणि क्ले मऊ, असं का? 1926 मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी पीव्हीसीत तेलकट द्रव्यं मिसळून ते लवचिक केलं. पुढे जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केथे क्रूझ यांच्या मुलीने अशी क्ले हाताळली. 1964 मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ती घेतली, तीच फिमो.

मऊ करणाऱ्या द्रव्यांपैकी काही थॅलेट्सवर युरोपने 2005 मध्ये खेळण्यांत कायमची बंधनं घातली. म्हणून पाकिटावरची माहिती वाचा, काम झालं की हात धुवा, लाटणं-सुरी स्वयंपाकाला परत वापरू नका.

भाजताना पाकिटावरचंच तापमान ठेवा, बहुतेकदा 110 ते 130 अंश. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा, खिडकी उघडी असू द्या. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे-घसा जळजळतो. लगेच ओव्हन बंद करा आणि खोलीबाहेर पडा.

मातीचा बैल भट्टीत लाल होतो. हा चुलीत घालायचा नाही, एवढं लक्षात ठेवा!