दहा कोटींचा आंकडा

सावद्याच्या केळ्यांत पोटॅशियम असतें आणि त्या पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत सुमारें एक अणु किरणोत्सर्गी असतो. खाणाऱ्यास त्यापासून बाधा नाहीं. पण अणुशक्ति सृष्टींतच भरलेली आहे, एवढें त्यावरून ध्यानांत येतें. मनुष्यानें तिला हातीं धरलें, तेव्हां मात्र तिचा हिशेब देण्याची पाळी त्याजवर आली.

१९३८ च्या अखेरीस हान व श्ट्रासमान यांच्या प्रयोगांत युरेनियमचा अणु दुभंगला. लिझे माइट्नर व फ्रिश यांनीं त्याचा अर्थ लाविला. सात वर्षांच्या आंतच, ६ ऑगस्ट १९४५ रोजीं, हिरोशिमा बेचिराख झालें.

भारतांत हा हिशेब प्रथम मुंबईच्या डॉ. होमी भाभांपुढें आला. बाँब पडण्यापूर्वींच, १२ मार्च १९४४ रोजीं, त्यांनीं टाटा विश्वस्तांकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली होती. १९४५ सालीं ती संस्था निघाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ट्रॉम्बे येथें ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली. १९६० सालीं कॅनडाच्या साह्यानें ‘सायरस’ भट्टी आली, व १९६४ त जळलेल्या इंधनांतून प्लुटोनियम निराळें काढण्याचा कारखाना उभा राहिला. खरा पेंच येथेंच आहे. प्लुटोनियम हें विजेचें इंधन होऊं शकतें, तसेंच बाँबचें द्रव्यहि. त्याचा उपयोग कोणता, हें भट्टी ठरवीत नाहीं.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजीं चीननें पहिला अणुस्फोट केला. आठच दिवसांनीं भाभा आकाशवाणीवर बोलले. अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांवरून त्यांनीं सांगितलें कीं, पन्नास अणुबाँबांस दहा कोटी रुपयांहून कमी खर्च येईल. त्याच भाषणांत त्यांनीं निःशस्त्रीकरणाची निकडहि मांडिली होती. परंतु लोकांच्या कानांत राहिला तो दहा कोटींचा आंकडा. भट्ट्या, कारखाने आणि बाँब वाहणारीं विमानें यांचा खर्च त्यांत नव्हता.

पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं बाँबचा आग्रह मानला नाहीं. शांततेच्या कामाकरितां स्फोटाचा अभ्यास करण्यास मात्र अनुमति दिली. २४ जानेवारी १९६६ रोजीं माँ ब्लाँवरील विमान-अपघातांत भाभांचा अंत झाला. १८ मे १९७४ रोजीं डॉ. राजा रामण्णा यांच्या नेतृत्वाखालीं पोखरणास स्फोट झाला. त्यांतील प्लुटोनियम ‘सायरस’चेंच होतें, आणि कॅनडानें आपलें साह्य थांबविलें.

शास्त्रज्ञाचा आंकडा खरा असूनहि अपुरा असूं शकतो. उरलेली बेरीज नागरिकांनींच करावयाची असते.